नवरा ओ, मी बी, सासूबाई ए: कीटोचा फरक ब्लड ग्रुपमुळे पडतो का?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात सांगते. तुम्ही ठाण्याच्या, वय ३६, उंची ५ फूट २, वजन ६६ किलो, ब्लड ग्रुप बी पॉझिटिव्ह. मिस्टर ५ फूट ९, ९४ किलो, ओ पॉझिटिव्ह. दोघांनी एकाच दिवशी कीटो (पोळी-भात-साखरेसारखे कार्ब्स जवळपास बंद, फॅट भरपूर) सुरू केलं, दोन महिन्यात त्यांचे ७ किलो गेले, तुमचे अडीच, वर तुमचं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ११८ वरून १७१ वर गेलं. जिमचा ट्रेनर म्हणाला की ओ हा शिकारी माणसांचा ग्रुप, त्यांना मटण-मासे-तूप मानवतं, बी वाल्यांना कीटो लागूच पडत नाही, आणि त्याच्या ओळखीची एक बाई साडेचार हजारात ब्लड ग्रुपप्रमाणे डाएट चार्ट करून देते. तो घ्यावा का, असं तुम्ही विचारलंय. आणि मग अगदी शेवटी, जाता जाता, "सासूबाई ए पॉझिटिव्ह आहेत, शुगर-बीपीच्या गोळ्या चालू आहेत, त्यांनाही सुरू करू का?"

ब्लड ग्रुपपेक्षा मला ती शेवटची ओळच जास्त टोचली. तिच्यावर सविस्तर येते, पण तोपर्यंत सासूबाईंची पोळी-भाकरी बंद करू नका, प्लीज.

मी क्लिनिकल डाएटिशियन आहे, दादरला बसते, सतरा वर्षं झाली. आणि आधीच कबूल करते, ब्लड ग्रुपचे चार्ट मी स्वतः वाटलेत. पहिली नोकरी पश्चिम उपनगरातल्या एका स्लिमिंग सेंटरमधे होती, तिथे चार रंगांचे छापील कागद असायचे, ओ ला लाल, ए ला हिरवा असं काहीतरी, पेशंटने ग्रुप सांगितला की त्या रंगाचा कागद काढून द्यायचा आणि सही घ्यायची. एक काकू होत्या, ग्रुप ओ सांगितला, लाल कागद घेऊन गेल्या, तीन महिन्यात सहा किलो उतरलं, आम्ही त्यांचा फोटो भिंतीवर लावला. पुढे त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलं, रक्त तपासलं तर निघाला बी! ओ हे कुठल्यातरी जुन्या कार्डावर कोणीतरी चुकीचं लिहिलेलं, तेच त्या वीस वर्षं सांगत होत्या. म्हणजे चार्ट चुकीच्या ग्रुपचा आणि वजन मात्र व्यवस्थित उतरलेलं. मॅनेजरला सांगितलं तर तो म्हणाला फोटो राहू दे. मी मात्र त्या दिवसापासून विचार करायला लागले की मग उतरलं कशाने? उत्तर फार साधं होतं, काकूंचा रोजचा संध्याकाळचा फरसाण, दोन गोड चहा आणि रात्रीचा भात बंद झाला होता. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली आणि आम्ही कावळ्याचा फोटो लावला.

आता ही शिकारी-शेतकरी भानगड आली कुठून ते बघू. १९९६ साली पीटर डी'अडामो नावाच्या अमेरिकन नॅचरोपॅथने पुस्तक काढून ही थिअरी लोकप्रिय केली. ओ सगळ्यात जुना, शिकाऱ्यांचा, त्यांनी मांस खावं आणि धान्य टाळावं. ए शेतकऱ्यांचा, त्यांनी शाकाहारी राहावं. बी भटक्या गुराख्यांचा, त्यांना दूधदुभतं चालतं पण चिकन नको. एबी मिश्र. ऐकायला इतकं छान वाटतं ना, की खरंच असेल असं वाटायला लागतं. पण पायाच कच्चा आहे, कारण ए आणि बी चे प्रकार माणसाच्याच नाही तर इतर वानरांच्या रक्तातही सापडतात, म्हणजे ते शेती, गुरं, अगदी माणूसही यायच्या कितीतरी आधीचे आहेत, आणि आपल्यातला बहुतेक ओ तर ए च्या जनुकातला एक तुकडा गळून ते बंद पडल्यामुळे तयार झालाय. मग ओ सगळ्यात जुना कसा?

मुळात ब्लड ग्रुप म्हणजे काय, तर लाल पेशीच्या पृष्ठभागावरच्या साखळीच्या टोकाला कुठली साखर लटकलीय एवढंच. ए च्या टोकाला एक प्रकारची, बी च्या टोकाला दुसरी, ओ मधे टोक मोकळं. साखर म्हटल्यावर लोकांना वाटतं की म्हणजे कार्ब्सशी संबंध असणार, पण ती खायची साखर नव्हे, तो पेशीवरचा शिक्का आहे. रक्त चढवताना तो जीवनमरणाचा प्रश्न असतो. कीटोचं काम वेगळ्याच खात्यात चालतं. कार्ब्स कमी केले की इन्सुलिन उतरतं, चरबीच्या पेशी फॅटी ॲसिड सोडायला लागतात, लिव्हर त्यांचे कीटोन बनवतं, मेंदू आणि स्नायू ते वापरतात. या साखळीत एबीओ चं, म्हणजे ब्लड ग्रुप ठरवणारं, जनुक कुठेही मधे बसलेलं नाही.

मुंबईकर म्हणून एक गंमत सांगते. १९५२ साली डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी आपल्याच शहरात असा ग्रुप शोधला ज्यात ए नाही, बी नाही आणि ओ मधे जो मूळ एच (ज्याच्यावर ए-बी ची साखर लटकते ते मोकळं टोक) असतो तोही नाही. तोच बॉम्बे ब्लड ग्रुप, भारतात साधारण दहा हजारात एक. नेहमीच्या तपासणीत हे लोक ओ म्हणूनच दिसतात पण त्यांना ओ रक्तही चालत नाही. आता या माणसाला ट्रेनरने कुठला चार्ट द्यायचा? मी एकदा एका चार्टवाल्यांना हे विचारलं होतं, ते म्हणाले ओ चाच द्या. बरं.

दुसरा मुद्दा ते लोक काढतात तो लेक्टिनचा. डाळी-कडधान्यांतली लेक्टिन नावाची प्रथिनं म्हणे ठराविक ग्रुपच्या रक्ताच्या गुठळ्या करतात. यात थोडं तथ्य आहे, म्हणून नीट सांगते. आपले कुळीथ घ्या, घाटावर ज्याला हुलगे म्हणतात. कुळथातलं लेक्टिन खरोखरच ए१ पेशींना चिकटवतं, इतकं भरवशाने की ए मधला ए१ आणि ए२ हा पोटभेद ओळखायला रक्तपेढ्या त्याचा अर्क वापरतात. म्हणजे थिअरी खरी असती तर कोकणातल्या प्रत्येक ए ग्रुपवाल्याने कुळथाच्या पिठीचा वाडगा संपवून आडवं व्हायला हवं होतं. माझे वडील ए पॉझिटिव्ह, मालवणचे, पावसाळाभर पिठी आणि भात, वर सुका बांगडा. काही झालं नाही, फक्त झोप लागायची. कारण काचपट्टीवर टाकलेला कच्चा अर्क वेगळा आणि शिजून पोटात गेलेलं अन्न वेगळं. बहुतेक लेक्टिन नीट भिजवून शिजवल्यावर निकामी होतात. राजमा कच्चट राहिला तर उलट्या होतात हे खरं, पण त्या कुठल्याही ग्रुपच्या माणसाला होतात, उपाय म्हणजे कुकरच्या जास्त शिट्ट्या.

अभ्यासांचं म्हणाल तर २०१३ साली एका मोठ्या आढाव्यात या आहाराच्या दाव्याला पुरावाच सापडला नाही. २०१४ चा टोरंटोचा अभ्यास मला जास्त आवडतो, १४५५ लोक होते. त्यांनी बघितलं की कोण कुठल्या ग्रुपच्या आहाराच्या जवळ जाणारं खातंय आणि त्याचा स्वतःचा ग्रुप काय. ए चा आहार, म्हणजे भाजीपाला-फळं-धान्य, जे खात होते त्यांचं वजन, कंबर, बीपी, कोलेस्टेरॉल चांगलं होतं. ओ चा आहार, म्हणजे धान्य कमी आणि मांस जास्त, जे खात होते त्यांचे ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) कमी होते. पण ग्रुप जुळो न जुळो, फायदा तेवढाच. तो कीटोचा अभ्यास नव्हता हे खरं, पण ओ चा कागद हा जवळजवळ लो कार्बच असतो आणि लो कार्बने ट्रायग्लिसराइड उतरतात हे आम्ही रोज बघतो, ए मधे, बी मधे, सगळ्यांमधे. २०२१ मधे लो फॅट व्हेगन आहारावरही असंच तपासलं, तिथेही ग्रुपने फरक पडला नाही.

आता, ब्लड ग्रुपचा तब्येतीशी काहीच संबंध नाही असं मात्र मी म्हणणार नाही. ओ नसलेल्यांमधे रक्त गोठवणारे काही घटक जास्त असतात, गुठळीचा धोका थोडा जास्त. ओ वाल्यांना कॉलरा झाला तर तो जोरात होतो. जनुकांच्या मोठ्या पाहण्यांमधे एबीओ चा एलडीएलशीही बारीकसा संबंध दिसतो. पण हा धोक्याचा थोडासा कल झाला, त्यावरून अमुक माणसाने पनीर खावं का बांगडा हे ठरत नाही. आणि ११८ चं १७१ एवढ्या बारीक कलाने होत नाही.

मग तुमच्या घरात एवढा फरक का? इथे मी समोर बसून तपासलेलं नाही, तुम्ही लिहिलंय त्यावरून सांगतेय, तेव्हा चुकले तर सांगा.

पहिलं म्हणजे ७ विरुद्ध अडीच ही तुलनाच बरोबर नाही. ९४ तले ७ म्हणजे साडेसात टक्के, ६६ तले अडीच म्हणजे पावणेचार टक्के. फरक आहे, पण तिप्पट नाही, दुप्पट. त्यात सुरुवातीचं उतरलेलं बरंचसं पाणी असतं, कारण स्नायू-लिव्हरमधल्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर (साठवलेल्या साखरेबरोबर) साधारण ३ ग्रॅम पाणी साठलेलं असतं आणि कीटोत ते दोन्ही निघून जातं. ज्याचं अंग मोठं, स्नायू जास्त, त्याचं पाणीही जास्त जाणार. शिवाय तुमचं पाळीच्या आधी एक-दीड किलो पाणी धरत असेल आणि नेमकं त्याच आठवड्यात वजन केलं असेल तर संपलंच, अडीच मधला एक किलो तिथेच लपला असेल.

दुसरं, आणि माझ्या मते खरी मेख इथे आहे, तुमचे वार. तुम्ही लिहिलंय की सोमवार-गुरुवार-शनिवार व्हेज आणि सोमवारचा उपवास सोडलेला नाही. मिस्टर सातही दिवस अंडी, सुरमई, चिकन. आता सोमवारी साबुदाणा खिचडी झाली असणार ना? साबुदाणा म्हणजे निव्वळ स्टार्च, ६० ग्रॅम कोरडा साबुदाणा भिजवला तर पन्नासएक ग्रॅम कार्ब्स, त्यात बटाटा वेगळा. कीटोत दिवसभराचा कोटाच २० ते ५० ग्रॅम. त्या एका प्लेटने तुम्ही कीटोसिसच्या (शरीर कीटोनवर चालतं त्या अवस्थेच्या) बाहेर, परत आत यायला दीड-दोन दिवस, तोवर गुरुवार उजाडतो आणि व्हेज म्हणून पनीरबरोबर वाटीभर आमटी, मूठभर काजू. म्हणजे मिस्टर कीटो करतायत आणि तुम्ही आठवड्यातले तीन-चार दिवस कीटो आणि उरलेले दिवस तूप-लोणी चढवलेला साधा आहार. हे दोन्ही एकत्र म्हणजे सगळ्यात वाईट सौदा, फॅट तर वाढलं पण कार्ब्स पुरते गेले नाहीत. आणि बाहेरून बघणाऱ्याला वाटणार की ओ ला मानवलं, बी ला नाही. (माझ्याकडे अशी निदान वीस-पंचवीस जोडपी येऊन गेली असतील, प्रत्येक वेळी बायको म्हणते माझं मेटाबॉलिझमच खराब, आणि डायरी उघडली की वारांचा हिशोब निघतो.)

मिस्टरांनी याशिवाय स्टेशनबाहेरचा वडापाव आणि शनिवारची बिअरही सोडली असेल तर ते श्रेय कीटोलाही पूर्ण देऊ नका. त्यांना चालू ठेवायचं असेल तर ठेवू दे, फक्त क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) आणि युरिक ॲसिड एकदा करून घ्या, सुरुवातीच्या महिन्यांत युरिक ॲसिड वाढतं आणि पायाचा अंगठा ठणकायला लागला की मग धावपळ होते.

माणसामाणसात फरक पडतोच, नाही असं नाही. इन्सुलिन रेझिस्टन्स (शरीर इन्सुलिनला दाद न देणं) किती, थायरॉइड, पीसीओएस, झोप, घरात कोणाला लवकर हार्टचा त्रास झालाय का. पण आधीच कोणाला काय लागू पडेल हे ओळखणं कठीणच आहे. २०१८ साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी ६०९ जणांवर वर्षभर लो फॅट आणि लो कार्ब करून बघितलं, सरासरी ५.३ आणि ६ किलो उतरले, म्हणजे जवळपास सारखेच, आणि मुद्दाम निवडलेली जनुकं आणि इन्सुलिनचं प्रमाण बघूनसुद्धा कोणाला कुठला लागू पडेल हे सांगता आलं नाही. तिथे थेट चयापचयाशी जोडलेली जनुकं कामाला आली नाहीत, तिथे पेशीवरच्या शिक्क्याकडून काय अपेक्षा करायची.

तुमच्या एलडीएलबद्दल. कीटोत काहींचं एलडीएल चढतं, आणि जे फार लठ्ठ नाहीत त्यांचं जास्त चढताना दिसतं. तुम्ही तूप, बटर, खोबरेल तेल घातलेली कॉफी, पनीर या सगळ्यावर असाल तर सॅच्युरेटेड फॅट भरपूर झालं. आधी टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) करा, कारण थायरॉइड सुस्त असेल तर वजनही अडतं आणि एलडीएलही वाढतं, दोन्ही तक्रारी एकाच गोळीत सुटतात. मग ती कॉफी बंद, तूप दिवसाला दोन चमचे, स्वयंपाकाला शेंगदाणा तेल, अक्रोड-जवस, मासे चालतात त्या दिवशी बांगडा किंवा तारली, आणि भाज्या दुप्पट. सहा ते आठ आठवड्यांनी परत तपासा. तरीही खाली आलं नाही, किंवा १९० च्या वर गेलं, किंवा घरात कोणाला पन्नाशीच्या आत अटॅक आलेला असेल, तर फिजिशियनला दाखवा, माझ्यासारखीकडे बसून राहू नका.

आणि खरं सांगू का, तुमच्या वारांना कीटो बसतच नाही. उपवास सोडा असं मी सांगणार नाही, तो तुमचा प्रश्न. मी असते तर ८० ते १०० ग्रॅम कार्ब्सवर आले असते, दुपारी एक ज्वारीची भाकरी, वाटीभर घट्ट आमटी किंवा उसळ, रात्री भाकरी-भात नाही, नाश्त्याला अंडी किंवा मुगाचं धिरडं, सोमवारी खिचडीऐवजी लाल भोपळ्याचं दह्यातलं भरीत, शेंगदाण्याची आमटी, ताक. वजन पाळी संपल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी, महिन्यातून एकदाच. हळू उतरेल, पण गणपतीत दोन उकडीचे मोदक खाल्ले म्हणून रडायची वेळ येणार नाही.

आता सासूबाई. त्यांच्या ए पॉझिटिव्हने इथे काही बिघडत नाही, बिघडतं ते गोळ्यांनी. त्यांचं प्रिस्क्रिप्शन समोर घ्या आणि नावं वाचा. ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड असेल तर ती गोळी शरीराला इन्सुलिन सोडायला लावते, पोटात कार्ब्स असोत नसोत. भाकरी काढली आणि गोळी तशीच ठेवली तर शुगर ७० च्या खाली जाऊ शकते, घाम, थरथर, असंबद्ध बोलणं, आणि हे बहुतेक वेळा पहाटे होतं जेव्हा घरात सगळे झोपलेले. नावाच्या शेवटी ग्लिफ्लोझिन असेल, डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन, तर धोका उलटा आणि जास्त फसवा. कीटोबरोबर या गोळीने रक्तात ॲसिड साठू शकतं, आणि ग्लुकोमीटरवर शुगर १६०-१८० दिसते म्हणून कोणाला शंकाच येत नाही. मळमळ, पोटदुखी, जोरजोरात श्वास, खूप थकवा, असं दिसलं तर मीटर काय म्हणतोय ते न बघता थेट हॉस्पिटल आणि तिथे गोळीचं नाव सांगा. माझ्या एका पेशंटच्या आईला तीन दिवस ॲसिडिटी म्हणून गॅसची गोळी देत बसले होते, नशीब चांगलं म्हणून वाचल्या. बीपीच्या गोळ्यांचंही तसंच, कीटोत पाणी-मीठ निघून गेलं की बीपी उतरतं, उठताना चक्कर, आणि या वयात पडणं म्हणजे खुब्याचं हाड. टेल्मिसार्टनसारखी गोळी असेल तर ते लो सोडियम मीठ स्वतःहून आणू नका, त्यात पोटॅशियम असतं. एकटी मेटफॉर्मिन असेल तर एवढी भीती नाही, पण किडनीचा रिपोर्ट लागेलच.

त्यांना कार्ब्स कमी करून फायदा होणार नाही असं नाही, होतो, चांगला होतो. पण आधी डॉक्टर गोळ्यांचे डोस ठरवणार, मग आपण ताटातली एक पोळी कमी करणार, दोन आठवडे रोज शुगर लिहिणार, मग पुढची. कीटो त्यांना मी देणार नाही.

तेव्हा उद्या सकाळी आधी त्यांच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट घ्या. चार्टच्या साडेचार हजारात तुमचं टीएसएच, लिपिड आणि त्यांचं एचबीए१सी (तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी), क्रिएटिनिन सगळं होऊन पैसे उरतील. रिपोर्ट आले की आकडे लिहा, आणि त्यांच्या गोळ्यांची नावं डोससकट, मी बघते.